‘केवायसी झाली, लिंक आहे, ॲक्टिव्ह आहे’ : कमलताईंच्या साडेसात हजारांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, कांदा पिकवणाऱ्या एका गावातलं आहे. ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांना इथे कमलताई म्हणते. नाव बदललंय आणि ओळख पटेल असे तपशीलही. वय ५२, शिक्षण चौथीपर्यंत. मराठी वाचता येतं, जोडाक्षराला थोडं थांबतात. रोजंदारीनं शेतात जातात. घरात सून आणि दोन नातवंडं, मुलगा चाकणला कंपनीत.

मी ३२ वर्षं बँकेत क्लार्क होते. निवृत्त झाल्यापासून मंगळवारी आणि शनिवारी सकाळी गावच्या वाचनालयात बसते. कुणाला अर्ज लिहून हवा असतो, कुणाला पासबुकातल्या नोंदी समजून घ्यायच्या असतात. या प्रकरणात मी मदत करणारी होते आणि एका टप्प्यावर गोंधळ वाढवणारीही. दोन्ही लिहिते आहे.

जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले. पात्र बाईला महिना १,५०० रुपये, थेट बँक खात्यात. कमलताईंचा अर्ज अंगणवाडी सेविकेनं मोबाइलवर भरून दिला. खातं त्यांनी दिलं ते तालुक्यातल्या राष्ट्रीयीकृत बँकेचं, पंतप्रधान जनधन योजनेत उघडलेलं. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं.

अडचण

ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आधी गल्लीतल्या बायकांच्या खात्यांवर दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये आले. कमलताईंच्या आले नाहीत. पुढचे हप्तेही नाहीत. विधानसभा निवडणूक तोंडावर असल्यानं ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे सरकारनं ऑक्टोबरातच दिले, म्हणजे नोव्हेंबरअखेर प्रत्येकीला एकूण ७,५०० मिळालेले होते. कमलताईंच्या पासबुकात शेवटची नोंद उन्हाळ्यातली होती.

या काळात त्या सहा वेळा कामाचा खाडा करून वेगवेगळ्या ठिकाणी गेल्या. रोज ३०० रुपये धरला तर १,८०० रुपये बुडाले, गाडीभाडं वेगळं. आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं की सगळं ठीक आहे.

कुणी काय सांगितलं

हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण प्रकरणाचा जीव इथे आहे. यात कुणीही खोटं बोललं नव्हतं.

सेविका ऑगस्टअखेर म्हणाली, “ताई, तुमचा फॉर्म अप्रूव्ड दाखवतोय. केवायसी बाकी असेल, ती करून घ्या.” तिला म्हणायचं होतं बँकेतली केवायसी. त्याच महिन्यात रेशन दुकानात प्रत्येक कार्डधारकाची ई-केवायसी चालू होती, दुकानाबाहेर तसा कागदच लावलेला. कमलताई तिथे गेल्या, मशीनवर अंगठा लावला, केवायसी झाली. पैसे आले नाहीत तेव्हा शेजारीण म्हणाली, गॅसवाल्याकडचीही करावी लागते. त्यांनी तीही केली. ‘ग्राहकाची ओळख पटवून घेणे’ एवढाच त्या तीन अक्षरांचा अर्थ. पण बँक, रेशन दुकान आणि गॅस एजन्सी प्रत्येक जण आपापल्या वहीपुरती ओळख पटवतो, आणि एकाकडची दुसऱ्याला कळत नाही. हे वाक्य त्यांना कुणीच सांगितलं नाही. त्यांच्या लेखी केवायसी हे एक काम होतं आणि ते त्यांनी दोनदा केलं होतं.

सप्टेंबरात त्या बँकेत गेल्या. काउंटरवरच्या मुलानं संगणकात पाहिलं आणि सांगितलं, “आधार लिंक आहे, केवायसीपण आहे. आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही.” खरंच होतं. खात्याच्या नोंदीत त्यांचा आधार क्रमांक चढवलेला होता, आणि बँकेत ‘लिंक’ म्हणतात ते यालाच.

गावातला बँक मित्र, म्हणजे मशीनवर अंगठा घेऊन बँकेचे व्यवहार करून देणारा, म्हणाला, “तुमचा अंगठा लागतो ना माझ्या मशीनवर? म्हणजे लिंक आहेच.” तेही खरं. आधारवरून पैसे काढायला बँकेच्या नोंदीत आधार असला की पुरतं. पण त्यावरून सरकारी पैसे त्याच खात्यात येतात हे ठरत नाही. ही समजूत मी बऱ्याच शिकलेल्या माणसांतही पाहिली आहे.

दसऱ्याच्या आधी कमलताई वाचनालयात आल्या. गर्दी होती. त्यांनी उभ्या उभ्या विचारलं आणि मी उभ्या उभ्या उत्तर दिलं, “सीडिंग झालेलं नसेल. आधार सीडिंग करून घ्या.” शब्द अगदी बरोबर होता. त्यांनी ऐकलं ‘शेडिंग’, कारण लोडशेडिंग त्यांना माहीत होतं. दिवाळीनंतर त्या तालुक्याच्या आधार केंद्रावर गेल्या आणि म्हणाल्या, आधारचं शेडिंग करायचंय. तिथल्या मुलाला वाटलं काहीतरी अपडेट हवंय. त्यानं ५० रुपये घेऊन मोबाइल नंबर बदलून दिला. त्यांच्या आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडला होता, त्यामुळे हे काम पुढे उपयोगी पडलं. पण मी सांगितलेलं ते हे नव्हतं.

नंबर चालू झाल्यावर सेतू केंद्रातल्या ऑपरेटरनं ओटीपी घेऊन आधारच्या संकेतस्थळावर पाहिलं. म्हणाला, “ॲक्टिव्ह आहे. पैसे यायलाच पाहिजेत.”

अप्रूव्ड, केवायसी, लिंक, सीडिंग, ॲक्टिव्ह. कमलताईंनी मला नंतर सांगितलं, “सगळे हो म्हणत होते मॅडम. मग मला वाटलं माझंच नशीब.”

उलगडा

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी त्या पुन्हा आल्या, या वेळी सगळे कागद पिशवीत घालून. गर्दी नव्हती. मी त्यांच्या फोनवर आलेला ओटीपी घेऊन आधारचं तेच पान उघडलं जे सेतूवाल्यानं पाहिलं होतं.

त्या पानावर मोजक्या ओळी असतात. आधारचे शेवटचे चार अंक, बँकेचं नाव, स्थिती आणि शेवटच्या बदलाची तारीख. स्थिती ‘ॲक्टिव्ह’ होती, हिरव्या रंगात. त्याच्या वरच्या ओळीत बँकेचं नाव होतं, आणि ते त्यांच्या बँकेचं नव्हतं. एका पेमेंट्स बँकेचं होतं, म्हणजे मुख्यतः मोबाइलवर आणि दुकानांतून चालणाऱ्या बँकेचं. तारीख फेब्रुवारी २०२२ मधली.

मी नाव वाचून दाखवलं. त्यांनी असली बँक ऐकली नव्हती. पासबुक नाही, शाखा नाही, कार्ड नाही. मग मी विचारलं, अडीच-तीन वर्षांपूर्वी कुठे अंगठा लावला होता का? थोडा वेळ आठवून म्हणाल्या, “पोरानं माझ्या नावावर सिम घेतलं होतं. बाजारातल्या दुकानात. दोनदा अंगठा लावला. पहिल्यांदा लागला नाही म्हणाला.”

त्या दुसऱ्या अंगठ्यात काय झालं हे मी सांगू शकत नाही. कदाचित पहिला खरंच लागला नसेल आणि खातं त्यांना विचारूनच उघडलं असेल. एवढं मात्र माहीत आहे की २०१७ मध्ये सिमच्या पडताळणीबरोबर ग्राहकांची खाती उघडली गेल्याच्या आणि त्यांचं गॅसचं अनुदान तिकडे वळल्याच्या तक्रारी देशभर झाल्या होत्या. आधार प्राधिकरणानं त्या वर्षी डिसेंबरात संबंधित कंपनीचा ई-केवायसीचा परवाना काही काळ थांबवलाही होता. संमती असते ती पडद्यावरच्या एका इंग्रजी ओळीसमोरची खूण. अंगठा लावणाऱ्याची नजर तेव्हा मशीनवर असते.

आता यंत्रणा. थेट लाभाचे पैसे आधार क्रमांकावर निघतात तेव्हा अर्जातला खाते क्रमांक पाहिला जात नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे एनपीसीआयकडे, एक मोठी यादी आहे, तिला मॅपर म्हणतात. या यादीत एका आधारसमोर एकाच बँकेचं नाव असतं. खात्याचा नंबर तिथे नसतो, फक्त बँक. पैसे त्या बँकेकडे जातात आणि ती बँक आपल्याकडच्या खात्यात जमा करते. नवीन बँकेनं नाव चढवलं की जुन्या बँकेचं उतरतं. या यादीत नाव चढणं म्हणजे सीडिंग. लिंक दहा बँकांत असू शकतं. सीडिंग एका वेळी एकाच बँकेत.

हे कमलताईंना कसं सांगावं याचा मी विचार करत होते. मग रेशनकार्डावरून सांगितलं. बाईचं नाव एका वेळी एकाच कार्डावर असतं. लग्न झालं की माहेरच्या कार्डावरून कमी होतं आणि सासरच्या कार्डावर चढतं. म्हणून माहेर काही तुटत नाही, येणं-जाणं राहतं, पण धान्य नाव असेल त्याच घरी येतं. येणं-जाणं म्हणजे लिंक. कार्डावरचं नाव म्हणजे सीडिंग.

त्या लगेच म्हणाल्या, “म्हणजे माझं धान्य भलत्याच घरी चाललंय.”

समोरचे पर्याय

आमच्यापुढे चार वाटा होत्या.

नवीन अर्ज करणं पहिल्याच मिनिटाला सोडलं. अर्जात काही चूक नव्हती, आणि त्याच आधारवर दुसरा अर्ज म्हणजे नवा घोळ.

पोस्टाच्या बँकेत नवीन खातं काढणं ही वाट गावात खूप बायकांनी धरली होती. खातं उघडतानाच सीडिंगही होतं, काम लवकर होतं. माझा कल आधी इकडेच होता. कमलताई म्हणाल्या, आहे तेच खातं मला कळतंय, अजून एक नको. त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या अडचणीचं मूळच एका जास्तीच्या खात्यात होतं.

तिसरा पर्याय, काहीच न बदलता पेमेंट्स बँकेच्या खात्यातून दर महिन्याला बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढणं. पण खात्यात काय जमा झालं याचे मेसेज त्या जुन्या सिमवर जात होते. मुलानं ते चाकणला नेलं आणि रिचार्ज न केल्यानं बंद पडलं. जमा झालेलं कळणारच नसेल तर त्या खात्यात पैसे ठेवायला मी तयार नव्हते.

चौथा, आपल्या नेहमीच्या बँकेत अर्ज देऊन सीडिंग तिकडे वळवणं. हाच घ्यायचा ठरलं.

क्रम कुठला, यावर मात्र आमचं एकमत नव्हतं. मी म्हणत होते आधी अर्ज देऊ, डिसेंबरचा हप्ता तरी जागेवर येईल. जुने पैसे कुठे पळत नाहीत, सीडिंग हललं तरी खातं तिथेच राहतं. कमलताई म्हणाल्या, “आधी पैसे आहेत का ते बघू.” माझं कारण हिशेबाचं होतं, त्यांचं पाच महिन्यांचं. त्यांचं ऐकलं.

काय केलं

बँक मित्राकडे गेलो. त्याला ‘बॅलन्स बघा’ एवढंच सांगितलं असतं तर त्यानं सवयीनं नेहमीचीच बँक निवडली असती. मी त्याला बँकांच्या यादीतून त्या पेमेंट्स बँकेचं नाव निवडायला लावलं. अंगठा लागेना. रोपं लावण्याचे दिवस, कांद्याच्या रोपांनी आणि चिखलानं बोटांच्या रेषा झिजलेल्या. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग उजव्या हाताचं मधलं बोट. ते लागलं. मशीनमधून वीतभर चिठ्ठी बाहेर आली.

९,८४६ रुपये.

कमलताईंनी चिठ्ठी हातात घेतली आणि आकड्यावरून बोट फिरवलं. साडेसात हजारांपेक्षा जास्त कसे, हा प्रश्न त्यांनीच विचारला. उत्तर त्यांच्या पिशवीतल्या गॅसच्या पुस्तकात होतं. कनेक्शन उज्ज्वला योजनेतलं. मे २०२२ पासून या कनेक्शनांना सिलिंडरमागे २०० रुपये अनुदान सुरू झालं, ऑक्टोबर २०२३ पासून ते ३०० झालं. कमलताईंनी या काळात नऊ सिलिंडर घेतले होते, आधी चार, नंतर पाच. चार दोनशे आठशे, पाच तिनशे दीड हजार, मिळून २,३००. उरलेलं व्याज. एजन्सीवाला ‘सबसिडी पडते’ म्हणायचा आणि कमलताईंना वाटायचं की आपल्याला सबसिडी बंद झाली. तोही खरंच बोलत होता.

बँक मित्राच्या गल्ल्यात तेवढी रोकड नव्हती. त्या दिवशी ५,००० मिळाले, मंगळवारी ४,८००.

मंगळवारीच दुपारी तालुक्याला बँकेत गेलो. तोच मुलगा काउंटरवर होता. मी निवृत्त कर्मचारी म्हणून ओळख दिली असती तर त्याच्याशी आमच्या भाषेत बोलता आलं असतं. दिली नाही. ठरवून कमलताईंनीच विचारलं, आणि वाक्य आम्ही गाडीत पाठ केलं होतं: “माझ्या आधारवरचे सरकारी पैसे सध्या कोणत्या बँकेत जातात, तेवढं बघून सांगता का?”

तो ‘लिंक आहे’ म्हणायला लागला आणि थांबला. प्रश्न लिंकचा नव्हताच. त्यानं दुसरं पान उघडलं, पाहिलं, म्हणाला, “अहो मावशी, तुमचं तर दुसरीकडे आहे.” सप्टेंबरात त्याला विचारलं गेलं होतं ‘आधार लिंक आहे का’, आणि त्यानं त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. नीट वागणारा मुलगा आहे, त्यानंच फॉर्म काढून दिला.

या फॉर्मवर एक जागा आहे जिथे मला थांबावं लागलं. त्यात दोन चौकोन असतात. पहिला म्हणतो की माझं थेट लाभाचं खातं दुसऱ्या कुठल्याही बँकेत नाही. दुसरा म्हणतो की सध्या अमुक बँकेत आहे, ते इथे बदलून द्या. दोन्ही इंग्रजीत. घाईत बहुतेक जण पहिल्यावर खूण करतात, कारण तो पहिला आहे आणि ‘दुसरीकडे माझं खातं नाही’ हे वाचायला सरळ वाटतं. आम्ही दुसऱ्यावर खूण केली आणि जुन्या बँकेचं नाव लिहिलं. पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घेतली.

काय साधलं, काय राहिलं

आठ दिवसांनी आधारचं पान पुन्हा उघडलं. वरच्या ओळीत त्यांच्या बँकेचं नाव आलं होतं. डिसेंबरचा हप्ता महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या पासबुकाच्या खात्यात जमा झाला. पुढच्या सिलिंडरचे ३०० रुपयेही तिथेच आले.

पेमेंट्स बँकेतलं खातं अजून उघडंच आहे, ४६ रुपयांसकट. बंद करायचं तर नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि तो मोबाइल नंबर बंद आहे. मदत क्रमांकावर मी तीनदा बोलले. तिन्ही वेळा माणूस वेगळा आणि सुरुवात पहिल्यापासून. हे काम माझ्या वहीत अजून खुणेविना आहे. बुडालेल्या सहा दिवसांची मजुरी तर कुठल्याच खात्यावर येणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझं. दसऱ्याच्या आधी मी जर पाच मिनिटं बसवून पान उघडलं असतं, किंवा निदान ‘पैसे कोणत्या बँकेत जातात ते विचारा’ असं म्हटलं असतं, तर दोन महिने वाचले असते. मी एका शब्दात बोलले कारण ३२ वर्षं माझ्या आजूबाजूला तो शब्द समजणारीच माणसं होती. काउंटरच्या आतल्या बाजूला अशा शब्दांनी वेळ वाचतो, म्हणूनच ते तयार होतात. तोच शब्द काचेच्या खिडकीतून बाहेर गेला की ऐकणाऱ्याला त्याच्यासाठी खाडा करावा लागतो. मला हे नोकरीत असतानाच कळायला हवं होतं. त्या खिडकीतून किती जणांना मी ‘लिंक आहे’ म्हणून परत पाठवलं असेल, हा विचार या प्रकरणानंतर सुटत नाही.

सेतूवाल्यानं स्थितीच्या आधीची ओळ वाचली असती तरी काम झालं असतं. ‘ॲक्टिव्ह’ हा शब्दच असा आहे की पुढे बघावंसं वाटत नाही.

यावर उपाय म्हणून शुद्ध मराठी शब्द सुचवले जातात. डीबीटीला सरकारी मराठीत ‘थेट लाभ हस्तांतरण’ म्हणतात. मला ते शब्द नकोसे नाहीत, पण कमलताईंना डीबीटीइतकंच तेही अडलं. त्यांना उपयोगी पडला तो शब्द नव्हता, वाक्य होतं, आणि त्या वाक्यात कोण, काय, कुठे हे तिन्ही होतं. म्हणून मी आता वाचनालयात शब्दार्थांची यादी लावलेली नाही. चार प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून लावलेत. सरकारी पैसे कोणत्या बँकेत जातात? त्या बँकेचे मेसेज कोणत्या मोबाइलवर येतात? ही केवायसी कोणत्या कार्यालयाची? झाली असेल तर कागद कुठाय?

पहिला प्रश्न प्रत्येकीला पुरत नाही हेही पुढच्या महिन्यांत दिसलं. शेजारच्या वाडीतल्या एकीच्या आधारसमोर कुठलीच बँक नव्हती. तिला नव्यानं सीडिंगच करावं लागलं, आणि तिच्यासाठी फॉर्मवरचा पहिला चौकोन बरोबर होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेनंही स्वतःची ई-केवायसी सक्तीची केली. गावात पुन्हा तेच सुरू झालं. बायका म्हणायला लागल्या, आमची तर झालीये की. अशाच एका मंगळवारी कमलताई दोन शेजारणींना घेऊन वाचनालयात आल्या. आपल्या पिशवीतून रेशनची चिठ्ठी, गॅसची पावती आणि बँकेची पोचपावती काढून टेबलावर ओळीनं मांडल्या, आणि त्या दोघींना एकेकावर बोट ठेवून सांगायला लागल्या, “ही दुकानाची, ही सिलिंडरची, ही बँकेची. आता मॅडमना विचारू, चौथी कुणाची आणि ती कुठे बसून करायची.”